डोळा वर : व्यवसायपूर्व वर्गातल्या एका मुलाचं प्रकरण

दादा कागदी पिशव्यांच्या टेबलावरून त्या आठवड्यात चौथ्यांदा उठून गेला, तेव्हा मी त्याच्या नोंदवहीत लिहिलं : 'कामात रस नाही. एका जागी बसत नाही. हाताला वळण नाही.' अक्षर माझंच आहे, खाली सहीही माझीच. हे प्रकरण लिहायला घेतलं ते त्या तीन वाक्यांमुळे, म्हणून सुरुवातही तिथूनच करते.

'दादा' हे त्याचं खरं नाव नव्हे. शाळेत तो सगळ्यांत उंच, म्हणून लहान मुलं त्याला दादा म्हणतात आणि ऐकून ऐकून आम्हीही. गाव सांगली जिल्ह्यातलं, तालुक्याचं. आमची शाळा बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांची. दारावरच्या पाटीवर मात्र अजून 'मतिमंद' हाच शब्द आहे, कारण मान्यतेच्या कागदावर तो आहे आणि कागद बदलल्याशिवाय पाटी बदलत नाही. मी व्यवसायपूर्व वर्ग बघते, म्हणजे पुढे काही काम करता यावं म्हणून तयारी करून घेणारा वर्ग. साधारण १४ ते १८ वयाची मुलं माझ्याकडे असतात. १८ पूर्ण झाली की शाळा संपते. पुढे जवळपास कर्मशाळा, म्हणजे सज्ञान दिव्यांगांना काम शिकवणारी संस्था, असेल आणि तिच्यात जागा असेल तर कर्मशाळा, नाहीतर घरची ओसरी. आमच्या भागात बहुतेकांच्या वाट्याला ओसरीच येते.

दादाच्या प्रमाणपत्रावर ७५ टक्के आहे, म्हणजे मध्यम स्वरूपाचं दिव्यांगत्व. तेव्हा तो १६ वर्षांचा होता. दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलतो. बारापर्यंत अंक घडाघडा म्हणतो, पण 'चार वाट्या आण' म्हटलं की हाताला येतील तेवढ्या आणतो. स्वतःचं नाव ओळखतो, दहाची नोट ओळखतो. जेवण, आंघोळ, कपडे सगळं स्वतःचं स्वतः करतो. कुठली वस्तू कुठे असते हे त्याच्याइतकं शाळेत कुणालाच ठाऊक नसतं. डस्टर हरवलं की आम्ही दादाला विचारतो. बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेची तपासणी सूची आपल्याकडच्या बऱ्याच विशेष शाळांत भरतात, आम्हीही दर वर्षी भरतो. डस्टर शोधून देण्याला तिच्यात रकाना नाही.

वडील साखर कारखान्यात हंगामी कामाला, आई घरी शिवणकाम करते, मोठी बहीण कॉलेजात. घरात त्याचे लाड नाहीत आणि आबाळही नाही.

शेती की दुकान

साध्या शाळेत मुलांचा कल बघायला प्रश्नपत्रिका असते. आमच्याकडे तोंडी विचारतात. मीही विचारलं, "दादा, तुला काय आवडतं, दुकान की शेती?" तो म्हणाला, "शेती." मी नोंद केली. सुदैवाने दुसऱ्या दिवशी वही सापडेना म्हणून पुन्हा विचारलं आणि नकळत उलट विचारलं, "शेती की दुकान?" तो म्हणाला, "दुकान." मग मुद्दाम पाच-सहा जोड्या करून पाहिल्या. ज्याचं नाव शेवटी घेईन ते त्याला आवडत होतं. चित्रांची कार्डं मांडली तर प्रत्येक वेळी उजव्या हाताचं कार्ड. त्याचं काही चुकत नव्हतं. जे काम कधी हातात घेतलं नाही त्याबद्दल तो आवड सांगणार तरी कुठून? सुतारकामाचं चित्र त्याच्या लेखी चित्रच असतं. त्यात रंध्याचा आवाज नसतो, भुश्शाचा वास नसतो, पाठीला रग लागत नाही.

राहिला प्रश्न पिशव्यांचा. आमच्या शाळेत पिशव्याच का, याचं उत्तर असं की माझ्या आधीच्या बाईंना त्या येत होत्या आणि जुनी वर्तमानपत्रं फुकट मिळतात. महाराष्ट्रातल्या कुठल्याही विशेष शाळेच्या प्रदर्शनाला जा, त्याच वस्तू दिसतील : पणत्या, राख्या, मेणबत्त्या, फाइली, फिनाईल, पायपुसणी. त्यात वाईट काही नाही. पण ही यादी मुलांकडे बघून झालेली नाही, शिक्षकाला काय येतं आणि दिवाळीत काय खपतं यावरून झालेली आहे. आणि मूल त्या यादीत बसलं नाही की आपण लिहून मोकळे होतो, रस नाही.

त्या नोंदीचा उलगडा मला झालाच नाही. तो शाळेतल्या मावशींनी केला. दादा उठला की मी वहीत खूण करायचे, मावशी त्याच्यामागे बाहेर बघायच्या. एक दिवस त्या म्हणाल्या, "बाई, त्यो पळत न्हाई. नळावर जातोय हात धुवायला." तेव्हा पहिल्यांदा मी नीट पाहिलं. घड्या घालेपर्यंत दादा बसलेला असायचा. खळ बोटांना लागली की चेहरा आक्रसायचा, बोटं पँटला पुसायचा, आणि तरी चिकटच राहिली की उठायचा. नळाला गळती होती, तिथे थेंब बघत उभा राहायचा आणि परत यायचं विसरायचा. चिकट स्पर्श त्याला सोसत नाही, हे त्याच्या आईला जन्मापासून माहीत होतं. घरी तो आंबासुद्धा फोडी करून काट्याने खातो. आम्ही विचारलं नव्हतं.

आठ-आठ दिवस

मुख्याध्यापकांशी बोलून ठरवलं की गावातली खरी कामाची ठिकाणं गाठायची, प्रत्येक ठिकाणी आठ दिवस, रोज दोन तास, मी बरोबर. हे ओळख करून घेणं आहे, नोकरी नाही, असं मालकांना आणि पालकांना दोघांनाही लिहून दिलं. कायद्याने १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला लावता येत नाही आणि १४ ते १८ वयात धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. तेवढं पाळलं तरी फुकटात राबवून घेणं आणि शिकायला ठेवणं यातली रेघ फार बारीक असते. तिच्यावर पुढे आम्ही अडखळलोच.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे पाठवायची कल्पना आहे. कल्पना चांगली. आमच्या मुलांना मात्र नव्या जागी चपला कुठे काढायच्या हे अंगवळणी पडायलाच चार दिवस जातात. आठ दिवस मला तेव्हा पुष्कळ वाटले होते. आता ठरवायचं झालं तर पंधरा ठरवेन.

नोंदीसाठी छापील तक्ता घेतला नाही. साध्या वहीत तीन गोष्टी टिपायच्या ठरवल्या. न सांगता तो कशाकडे वळतो, कशापासून दूर होतो, आणि उठला तर नेमका कुठल्या क्षणाला उठतो. काम 'चांगलं' झालं की नाही हा रकाना मी मुद्दाम ठेवला नाही, नाहीतर माझं सगळं लक्ष तिकडेच गेलं असतं.

पहिलं ठिकाण खानावळ. मालकीण मायाळू. दादाला स्टीलचे पेले धुऊन पालथे मांडायला दिले, त्याने ओळी अशा लावल्या की पट्टीने आखाव्यात. दुपारी साडेबाराला मिक्सर, कुकरच्या शिट्ट्या आणि गिऱ्हाइकांचा कालवा एकदम सुरू झाला. दादा कानावर हात ठेवून मोरीत जाऊन बसला. सकाळी नऊला तेच काम तो हसत करायचा. खानावळीची गरज साडेबाराची होती. चौथ्या दिवशी थांबवलं.

दुसरं पंक्चरचं दुकान. इथे मला वाटलं, सापडलं. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबून बुडबुडे कुठून येतात ते शोधायचं काम दादाला इतकं आवडलं की तो सकाळी शाळेच्या दारातच 'बुडबुड, बुडबुड' करत उभा राहायचा. पाचव्या दिवशी वही वाचताना लक्षात आलं की पंक्चर सापडल्यावरही तो ट्यूब दाबतच राहतो. चाळीस-चाळीस मिनिटं. पुढचं काही नको, घासणं नको, आणि चिकटवणं तर नकोच, कारण तिथे पुन्हा सोल्युशन आलं. दुकानदार हसून म्हणाला, "बाई, बुडबुडे बघायला ठेवून घेतो की, पण त्याचं पैसं कोण देणार?" आवड आणि काम यांत अंतर असतं हे मी कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकलं होतं. घमेल्यापाशी उभी राहून पाहिलं ते तिथे.

नर्सरी

तिसरं ठिकाण गावापासून सात-आठ किलोमीटरवरची उसाच्या रोपांची नर्सरी. आमच्या भागात आता पुष्कळ शेतकरी कांडी न लावता तयार रोप लावतात. उसाच्या कांडीवरचा एकेक डोळा, म्हणजे जिथून कोंब फुटतो तो उंचवटा, हातयंत्राने काढतात, औषधाच्या पाण्यातून काढतात, कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा भरलेल्या ट्रेमध्ये एका खणात एक असा ठेवतात, वर पुन्हा कोकोपीट टाकून ट्रे एकावर एक रचून झाकून ठेवतात. काही दिवस उबेत राहिले की कोंब दिसतो, मग ट्रे शेडनेटखाली पसरतात. महिना-दीड महिन्यात रोप शेतात जातं.

डोळे काढायचं यंत्र आणि औषधाचं पिंप, या दोन जागी दादाने जायचं नाही हे पहिल्याच दिवशी ठरलं. पिंपाभोवती मालकांनी दोरी बांधली. औषध लावलेले डोळे हाताळायचे म्हणून रबरी हातमोजे दिले. ते दादाने पाच मिनिटांत काढून फेकले. मग मालकांनीच तोड काढली. त्याच्यासाठीचे डोळे औषध न लावता बाजूला ठेवायचे आणि ते ट्रे मालकांच्या स्वतःच्या शेतात लावायचे. म्हणजे नुकसान झालं तर त्यांचं. एवढं कुणी करेल अशी माझी अपेक्षा नव्हती.

कोकोपीट विटेसारखं दाबलेलं येतं. पाण्यात टाकलं की फुगतं आणि हाताने मोकळं करावं लागतं. दादाने विटेकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं आणि कोपरापर्यंत हात घातले. बोटाला खळ लागली की पळणारा हा मुलगा. मी वहीत लिहिलं, 'न सांगता.' ओलं असलं तरी कोकोपीट चिकटत नाही, भुसभुशीत असतं, हात झटकला की पडतं. मला हे नंतर सुचलं, त्याच्या हाताला आधीच कळलं होतं.

आता ट्रे. त्या नर्सरीत ४२ खणांचे ट्रे होते, सहा गुणिले सात. दादाला ४२ मोजता येत नाही. पण एका खणात एक डोळा ठेवायचा आणि रिकामा खण राहिला नाही की थांबायचं, एवढंच काम असेल तर मोजायला लागतच नाही. ट्रेच मोजतो. मी वर्षभर 'संख्याज्ञान नाही, म्हणून मोजणीचं काम नको' असं धरून बसले होते. शेतकऱ्यांसाठी बनवलेल्या प्लास्टिकच्या ट्रेने ते दोन मिनिटांत खोडलं.

अडचण डोळ्याच्या दिशेची आली. डोळा खणात वरच्या बाजूला यायला हवा, खाली गेला की कोंब वेडावाकडा येतो नाहीतर येतच नाही. मी तयारीने गेले होते. कामाचे सात टप्पे पाडले होते, प्रत्येकासाठी छोटं वाक्य ठरवलं होतं. "दादा, डोळा बघ. कुठे आहे डोळा? वर की खाली? वर कर. शाब्बास. आता पुढचा घे. डोळा बघ." दोन दिवस हे चाललं. दादा डोळ्याऐवजी माझ्या तोंडाकडे बघत होता. पुन्हा 'शेती की दुकान' झालं. मी 'वर की खाली' म्हटलं की तो 'खाली' म्हणायचा आणि कांडीचा तुकडा उलटा करायचा.

तिथे ट्रे भरणाऱ्या बायकांत एक वयस्क बाई आहेत, सगळ्या त्यांना आक्का म्हणतात. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "बाई, तुमी लई बोलता. जरा तिकडं बसा." मी राग गिळून कडेच्या बाकावर बसले. आक्का दादाच्या शेजारी मांडी घालून बसल्या, एकच ट्रे दोघांच्या मध्ये ठेवला. काही बोलल्या नाहीत. स्वतः एक डोळा घ्यायच्या, अंगठ्याने चाचपायच्या, ठेवायच्या. मग त्याच्याकडे न बघता थांबायच्या. दादा एक ठेवायचा. उलटा ठेवला तर त्या नुसतं त्याचा अंगठा धरून डोळ्याच्या उंचवट्यावर ठेवायच्या आणि सोडून द्यायच्या. अर्ध्या तासाने त्याचा अंगठा आपणहून फिरायला लागला. तो बघत नव्हता, चाचपत होता. मी 'बघ, बघ' म्हणत होते तेव्हा चुकीच्या इंद्रियाला कामाला लावत होते.

चौथ्या दिवशी त्याने स्वतःच शब्द जोडला. प्रत्येक तुकडा ठेवताना पुटपुटायचा, "डोळा वर." हे वाक्य त्याला कुणी शिकवलं नव्हतं, बायकांच्या बोलण्यातून उचललेलं होतं.

मार्क गोल्ड नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९७० च्या दशकाच्या आसपास बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या माणसांना सायकलचा ब्रेक जोडायला शिकवला होता, १५ सुट्या भागांचा. शिकणारा शिकत नसेल तर शिकवणाऱ्याने आपली रीत बदलावी आणि शिकवताना बोलणं कमीत कमी ठेवावं, असं त्याचं सांगणं. विशेष शिक्षणाच्या बी.एड.ला मी यावर पानभर उत्तर लिहिलं होतं आणि चांगले गुण मिळवले होते.

गोल्डकडून एक गोष्ट मात्र मी खरंच उचलली. त्याने भागांना रंगाची खूण करून पाहिली होती. आमच्याकडे ट्रे रचताना दादा थांबत नसे, रास छातीच्या वर जाऊन कलायची. एक बांबू रोवला आणि ठराविक उंचीवर लाल रंगाचा पट्टा ओढला. ट्रे पट्ट्याला टेकला की नवी रास. एकदाच दाखवावं लागलं. बाकीच्या बायकाही आता त्याच बांबूला ट्रे लावतात.

तळहाताने कोकोपीट सपाट करताना तो फार जोर लावतो आणि काही डोळे दबून फुटतात, हे मात्र अजून पुरतं सुटलेलं नाही. हलक्या झाडणीने सपाट करून पाहिलं, जरा फरक पडला.

फ्लेक्स

आठ दिवस मी त्याला स्कूटरवर मागे बसवून नेलं. नंतर प्रश्न आला की रोज कोण नेणार. एसटी जाते, दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, कार्ड गळ्यात अडकवलेलं असतं. चढायचं कुठे हे सोपं होतं, स्टँडवर कंट्रोलर साहेबांशी बोलून ठेवलं. उतरायचं कुठे हे शिकवायचं होतं. मी, आई आणि दादा तिघं मिळून दहा-बारा फेऱ्या केल्या. आधी त्याच्या शेजारी बसायचं, मग एक बाक मागे, मग शेवटच्या बाकावर, मग बसमागून स्कूटरने. खूण म्हणून फाट्यावरचा एक मोठा फ्लेक्स धरला होता. कुणा स्थानिक नेत्याच्या वाढदिवसाचा, पिवळाधमक, लांबून दिसणारा. "फ्लेक्स आला की उठायचं." दादा पक्का झाला. चार दिवस एकटा गेला आणि आला. आईने पेढे वाटले.

पाचव्या दिवशी दुपारी बारापर्यंत तो नर्सरीत पोचला नव्हता. आईचा फोन, मालकांचा फोन, माझे हातपाय गार. दादा शेवटच्या थांब्यावर सापडला, कंडक्टरने चहा पाजून शेजारी बसवून ठेवलं होतं. त्याने तंतोतंत तेच केलं होतं जे आम्ही शिकवलं होतं. फ्लेक्स आला नाही, म्हणून तो उठला नाही. वाढदिवस होऊन गेला होता, रात्री कुणीतरी फ्लेक्स उतरवून नेला होता.

ही चूक सरळ माझी. महाराष्ट्रात फ्लेक्स हा टिकाऊ खुणेचा प्रकार नव्हे हे कुठल्याही शेंबड्या पोराला कळलं असतं. आता खूण पाण्याच्या टाकीची आहे, आणि टाकी झाडाआड गेली तर म्हणून कंडक्टरला दाखवायचं चिठ्ठीचं कार्ड खिशात. त्यावर फाट्याचं नाव, आईचा आणि शाळेचा नंबर. पण त्या एका दिवसाने आई तीन आठवडे मागे गेली. "बाई, ह्यो घरातच बरा होता," असं ती म्हणाली तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर बहिणीने दिलं. कॉलेजला जाताना ती त्याच एसटीत आठवडाभर पुढच्या बाकावर बसली, त्याच्याशी एक शब्द न बोलता, आणि घरी येऊन आईला सांगितलं, "उतरतोय तो."

चहा-वडापाव

आठ दिवसांची मुदत वाढवत वाढवत दोन महिने झाले. दादा रोज दोन तासांत पंधरा-सोळा ट्रे भरू लागला. बायकांच्या मानाने हे निम्म्याहून कमी, पण ट्रे धड असायचे. मालक म्हणाले, "येऊ द्या की रोज. पोरगं रमतंय. च्या-वडापाव देतो." माणूस मनाने चांगला, आधी लिहिलंच आहे. पण हीच ती बारीक रेघ. ओळख करून घ्यायचे दिवस संपले होते आणि त्याने भरलेली रोपं आता विकली जात होती. मी म्हटलं, बायकांना ट्रेमागे जो दर आहे तोच दादाला द्या, जेवढे भरेल तेवढ्याचेच द्या, तासांवर देऊ नका. मालकांना दर मान्य होता, त्यांना भीती होती ती लोक काय म्हणतील याची. 'अपंग पोराला राबवतो' असं गावात झालं तर? फुकट राबवलं तर तसं म्हणतील, पैसे देऊन नाही, हे त्यांना पटायला दोन बैठका लागल्या. दोन्ही वेळा आक्का बोलल्या, मी कमी बोलले. तेवढं शिकले आहे.

आईची शंका निराळी होती. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान घरात येतं. त्या योजनेला उत्पन्नाची मर्यादा असते. पोरगा कमावतो असं कागदावर दिसलं आणि अनुदान बंद झालं तर? सल्लागार मंडळी अशा पालकांना 'मानसिकता बदला' असं सांगतात, तेव्हा मला राग येतो. अनुदान दर महिन्याला येतं, उसाच्या रोपांचं काम हंगामी. ऊस लागणीचे तीन हंगाम : आडसालीच्या आधी गर्दी, पूर्वहंगामीच्या आधी गर्दी, सुरू लागणीच्या आधी गर्दी आणि उन्हाळ्यात नर्सरी जवळजवळ मोकळी. आई हिशेब बरोबर करत होती. आम्ही तिच्याबरोबर तहसील कचेरीत गेलो, कुटुंबाचं उत्पन्न आणि दादाची हंगामी कमाई मांडून विचारलं, आणि ती मर्यादेत बसते एवढं समजल्यावर ती तयार झाली. तरी पैसे बँकेत नकोत, हातात हवेत, हा तिचा हट्ट कायम आहे. दादाला दहाची नोट कळते म्हणून मालक त्याच्या हातात दहाच्या नोटा मोजून देतात. तो त्या खणात ठेवल्यासारख्या एकेक करून पाकिटात ठेवतो.

१८ पूर्ण झाली की आणखी एक काम आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडून त्याचं कायदेशीर पालकत्व घ्यायचं की नाही, हे ठरवायचं. आई-वडील हयात आहेत म्हणून वेगळा कागद लागत नाही असं बऱ्याच घरांना वाटतं. सज्ञान झाल्यावर बँकेत किंवा दवाखान्यात सहीची वेळ आली की अडतं. मात्र पालकत्व घेतलं की प्रत्येक गोष्ट पालकानेच ठरवायची असं होऊ नये, असंही मला वाटतं. दादा कुठे काम करतो हे त्याने ठरवलं आहे. तोंडाने नाही, हाताने ठरवलं. या घराशी माझं यावर अजून एकमत झालेलं नाही.

आज काम नाही

शाळेत दोन बदल झाले. पिशव्यांचं टेबल आहे, पण खळ लावायला ब्रश आला. दोन मुली आणि एक मुलगा तिथे मनापासून बसतात, त्यांना तेच आवडतं. आणि नोंदवहीत 'रस नाही' असं लिहायला मुख्याध्यापकांनी बंदी घातली. काय झालं, कुठल्या क्षणी झालं, तेवढंच लिहायचं. माझी ती जुनी नोंद मी खोडलेली नाही. खाली तारीख घालून 'खळ' एवढा शब्द लिहिला आहे.

नर्सरीत पाठवलेल्या पुढच्या दोन मुलांपैकी एकाला कोकोपीटचा वास सहन झाला नाही. तो आता इस्त्रीवाल्याकडे घड्या घालतो. दुसरी मुलगी ट्रे भरते, पण दादा शेजारी असेल तरच.

मार्चमध्ये नर्सरीचं काम आटोपलं. मालकांनी सांगितलं, दीड-दोन महिने सुट्टी. आईला सांगितलं, मला सांगितलं, दादालाही सांगितलं, "आता सुट्टी हां." दादा "सुट्टी" म्हणाला. दुसऱ्या दिवशी पावणेनऊची एसटी पकडून तो गेला, टाकीपाशी उतरला आणि बंद फाटकासमोर दुपारपर्यंत बसून राहिला. तिसऱ्या दिवशीही तेच. कामाला कसं जायचं ते सगळं आम्ही शिकवलं, काम नसतं तेव्हा काय करायचं ते शिकवायचं राहून गेलं.

सध्या घराच्या दाराला एक खिळा ठोकला आहे. काम असेल त्या दिवशी आई तिथे रिकामा हिरवा ट्रे अडकवते, नसेल तेव्हा काढून ठेवते. पहिल्या आठवड्यात दादाने तो ट्रे घरात शोधून काढला, स्वतःच खिळ्याला अडकवला आणि स्टँडवर गेला. वस्तू कुठे असते हे त्याला ठाऊक असतं, हे मी वर लिहिलं आहे आणि तरी विसरले. आता ट्रे शेजारच्यांकडे ठेवतो.